तक्रार नाही, फक्त नोंद

जगात देश किती, हा प्रश्न मी शाळेत अनेक वर्षं मुलांना घातला. उत्तर चुकलं की मुलं ओशाळायची, मी पुढच्या बाकाकडे वळायचो आणि देश आपापल्या जागी सुखाने राहायचे. आता निवृत्त होऊन मुळशीच्या धरणाकाठी राहायला आल्यावर ते सगळे एकेक करून माझ्या टेबलावर येऊन बसले आहेत. संयुक्त राष्ट्रांचे १९३ सदस्य, शिवाय व्हॅटिकन आणि पॅलेस्टाईन हे दोन निरीक्षक. यांतल्या प्रत्येक देशातल्या कॅथलिक चर्चवर एक नोंद लिहायची, हे काम माझ्याकडे आहे. मोबदला नाही. सुरुवातीला एक कापडी पिशवी मिळाली होती. तिच्यावर ‘ज्ञान’ असं छापलेलं होतं. पहिल्याच पावसात त्यातला ‘ज्ञा’ धुऊन गेला.

उपक्रमाचं नाव सांगत नाही. मंडळी सज्जन आहेत, शिवाय वाचतात. मराठीत नवा, अद्ययावत ज्ञानकोश उभा करायचा असा त्यांचा संकल्प आहे आणि संकल्पाला माझी हरकत नाही. विषयवाटपाच्या बैठकीत किल्ल्यांसाठी तिघे भांडले. नद्या एका निवृत्त अभियंत्यांनी घेतल्या. क्रिकेट कोणी घेतलं ते मला दिसलंच नाही, एवढ्या चपळाईने ते गेलं. मी जेवण झाल्यावर हात धुवायला नळावर गेलो होतो. परत आलो तेव्हा फळ्यावर माझ्या नावापुढे ‘देशोदेशीचे कॅथलिक’ असं लिहिलेलं होतं. कॅथलिक पंथाशी माझं वैर नाही आणि नातंही नाही, असं मी सांगून पाहिलं. समन्वयक म्हणाले, “मग तर तुम्ही अगदी निःपक्षपाती.” मराठी माणसाला कामाला लावायचं असेल तर त्याला निःपक्षपाती म्हणावं. तो पुढे बोलू शकत नाही.

प्रत्येक नोंदीचं पहिलं वाक्य ठरलेलं आहे. अमुक देशातील कॅथलिक चर्च हे रोम येथील पोप यांच्या आध्यात्मिक नेतृत्वाखालील जागतिक कॅथलिक चर्चचा भाग आहे. अमुकच्या जागी देशाचं नाव घालायचं. अंगोला घातलं तरी वाक्य खरं ठरतं, अल्बानिया घातलं तरी खरंच ठरतं, आणि यापलीकडे त्यात सांगण्यासारखं काही नाही. हे वाक्य ज्याला ठाऊक नाही असा माणूस अंगोलातलं चर्च शोधत येईलच कशाला, असं मी विचारलं. उत्तर आलं, “एकरूपता.” मग मी व्हॅटिकनची नोंद लिहिली. तिच्यात हे वाक्य घातल्यावर व्हॅटिकनमधलं चर्च हे व्हॅटिकनमधल्या पोपच्या नेतृत्वाखालच्या, व्हॅटिकनमधूनच चालणाऱ्या चर्चचा भाग निघालं. ते तसंच छापलं गेलं. एकरूपता साधली.

वाक्याखाली एक चौकट असते. तिच्यात देशाची लोकसंख्या, कॅथलिकांची संख्या, टक्केवारी, धर्मप्रांत किती, पहिला मिशनरी कोण, स्थापना कधी, सध्याचे पोप कोण, असे रकाने असतात. सगळे अनिवार्य. एक जरी रिकामा राहिला तरी संगणक नोंद परत पाठवतो आणि वर लाल अक्षरांत लिहितो : माहिती अपूर्ण. माझी खरी तक्रार, म्हणजे तक्रार नव्हेच, या चौकटीशी आहे. ती ज्यांनी आखली त्यांची समजूत अशी की, जग आधी देशांमध्ये वाटलं गेलं आणि मग प्रत्येक देशाने रीतसर अर्ज करून आपापला धर्म मागवून घेतला.

कोरियाचंच घ्या. तिथल्या काही विद्वानांच्या हाती चीनमधून आलेली जेसुइटांची पुस्तकं पडली. त्यांनी ती वाचली, आपसात वाद घातले आणि १७८४ साली यि सुंग-हुन नावाचा त्यांच्यातला एक जण बीजिंगला जाऊन बाप्तिस्मा घेऊन परत आला. आल्यावर त्याने इतरांना दिला. चर्च सुरू झालं. पहिला धर्मगुरू, तोही चिनी, तिथे पोहोचायला आणखी दहा वर्षं लागली. म्हणजे मिशनरी येण्याआधीच पंथ हजर होता. हे सगळं मी खाली मजकुरात लिहिलं आणि चौकटीत ‘पहिला मिशनरी’ या रकान्यात ‘कोणी नाही’ असं टाकलं. संगणकाने कळवलं की ‘कोणी नाही’ या व्यक्तीची स्वतंत्र नोंद उपलब्ध नाही, तरी कृपया ती तयार करावी.

भूतानमध्ये धर्मप्रांतच नाही. तिथले कॅथलिक दार्जिलिंगच्या बिशपच्या अखत्यारीत येतात. मी रकान्यात ‘दार्जिलिंग’ लिहिलं. संगणक म्हणाला, दार्जिलिंग भारतात आहे. यावर माझं आणि संगणकाचं पूर्ण एकमत आहे, पण त्याने काम पुढे सरकत नाही. शिवाय १६२७ साली कासेला आणि काब्राल हे दोन पोर्तुगीज जेसुइट भूतानातून गेले, झाबद्रुंग नवांग नामग्याल यांच्याकडे काही महिने राहिले आणि पुढे तिबेटकडे निघून गेले. आता यांना ‘पहिला मिशनरी’ म्हणावं तर त्यांच्यामागे चर्च राहिलं नाही. पाहुणे म्हणावं तर तो रकाना नाही.

अफगाणिस्तानची तऱ्हा आणखी वेगळी. त्या देशाचं स्वातंत्र्य पाश्चात्त्यांत इटलीने लवकर मान्य केलं, त्या सलोख्यात काबूलमधल्या इटलीच्या वकिलातीच्या आवारात एक प्रार्थनामंदिर ठेवायला परवानगी मिळाली. देशभरातलं कॅथलिक चर्च ते एवढंच. २००२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिथे स्वतंत्र मिशन स्थापलं आणि ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान काबूलमध्ये शिरल्यावर तिथले धर्मगुरू इटलीला परतले. ‘देशातील प्रमुख चर्च व पत्ता’ या रकान्यात मी वकिलातीचा पत्ता लिहिला. तपासणाऱ्यांनी समासात विचारलं, “वकिलात कोणत्या देशात धरायची?” प्रश्न चांगला आहे. मी तो त्यांना परत पाठवला. त्यांनी तो मला परत पाठवला. अजून तो आमच्यातच आहे.

मंगोलियावर मात्र मी आनंदाने बसलो होतो. जेमतेम दीड हजार कॅथलिक, सगळे अलीकडचे. तिथले प्रमुख जॉर्जो मारेंगो यांना २०२२ मध्ये कार्डिनल केलं, तेव्हा ते सगळ्या कार्डिनलांमध्ये वयाने लहान. पुढच्या वर्षी पोप फ्रान्सिस स्वतः जाऊन आले. आटोपशीर देश. शेजारी पोल्ट्रीवाले आहेत, ते संध्याकाळी कुंपणाशी येऊन विचारतात, “काय गुरुजी, आज कुठला देश?” मी मंगोलिया सांगितला.

“किती माणसं म्हणता?”

“दीड हजार.”

“आन् त्याला पोप गेले?” त्यांनी थोडा वेळ आपल्या शेडकडे बघितलं. “आमच्या वाडीची मतदारयादी याहून मोठी हाय. इथं आमदार येत न्हाई.”

गावाचं म्हणाल तर गावाने मला कधी त्रास दिला नाही. फक्त कुरिअरवाल्याने एकदा वसईहून आलेलं पुस्तकांचं पार्सल चुकून पिठाच्या गिरणीत ठेवलं आणि ते तिथे जरा फाटलं. वर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ होतं. तेव्हापासून गिरणीवाले माझ्याशी आधीपेक्षा जास्त अदबीने बोलतात आणि दळण लवकर देतात. किराणा दुकानात “गुरुजींनी धर्म बदलला म्हणे” अशी कुजबुज झाली, तिला सौभाग्यवतींनी परस्पर उत्तर दिलं : “अहो, त्यांनी तीस वर्षांत चपलांचा दुकानदार बदलला नाही.” तेव्हापासून कुजबुज थांबली, पण नाताळात मला शुभेच्छांचे संदेश येतात, ईस्टरला तर काही जण विचारतात की यंदा उपवास कडक आहे का. मी होय म्हणतो. मधुमेहामुळे तो खरोखर कडक आहे.

पावसाबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं. मुळशीत राहायचं आणि पावसाबद्दल कुरकुरायचं हा कृतघ्नपणा आहे. ताम्हिणीत तर पाऊस राज्याचे विक्रम मोडतो. तेव्हा वस्तुस्थिती तेवढी सांगतो. जुलैत आवणीला सुरुवात होते तेव्हा संदर्भग्रंथांना बुरा धरायलाही सुरुवात होते. बुरा कापडी बांधणीवर आधी येतो, पुठ्ठ्यावर मग. लॅपटॉपच्या कळा चिकटतात आणि एकदा दाबलेलं ‘प’ हे अक्षर स्वतःहून चार वेळा उमटतं. ‘पोप’ या विषयावर लिहिणाऱ्याला हे फार जाणवतं. लाइट जाते. ती आली की रेंज जाते. दोन्ही असल्या की शनिवार असतो. शनिवार-रविवार पुण्यातली समस्त तरुण मंडळी धबधबे बघायला पौडच्या रस्त्याने ताम्हिणीकडे निघते आणि उभ्या खोऱ्यातली रेंज त्यांच्या रील्समध्ये जाते. मी ओसरीवर फोन उंच धरून उभा राहिलो की गाडी थांबवून कोणीतरी विचारतं, “काका, व्ह्यू पॉइंट इथूनच का?”

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी शंभर वर्षांपूर्वी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड काढले. त्यासाठी कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदार गोळा करत गावोगाव हिंडले. लोक मला त्यांचं उदाहरण देतात. पण केतकरांच्या काळी रेंज नव्हती, त्यामुळे ती जातही नसे. पुढे वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली मराठी विश्वकोश सुरू झाला. त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला आणि शेवटचा निघायला जवळपास चाळीस वर्षं गेली. तिथे लोक अकारविल्हे चालत होते. एखाद्या विषयाला आपलं अक्षर येईपर्यंत थांबायची सवय होती. आता मला बुधवारी संदेश येतो की शुक्रवारपर्यंत आफ्रिका संपवता येईल का.

एक रात्र मात्र वेगळी सांगायला हवी. ८ मे २०२५. पोप फ्रान्सिस २१ एप्रिलला वारले होते आणि रोममध्ये कार्डिनलांची गुप्त मतदानाची बैठक चालू होती. रात्री साडेनऊच्या सुमारास टीव्हीवर सिस्टीन चॅपेलच्या धुराड्यातून पांढरा धूर निघाला. पोल्ट्रीवाले आमच्याकडेच बसले होते. ते म्हणाले, “ओली लाकडं घातली असतील.” तासाभराने नाव आलं : रॉबर्ट प्रिव्होस्ट, लिओ चौदावे. पाठोपाठ समन्वयकांचा फोन आला. मला वाटलं, काही नाही तरी अभिनंदन करतील. ते म्हणाले, “सगळ्या चौकटींमध्ये ‘सध्याचे पोप’ बदलावं लागेल ना? सकाळपर्यंत होईल?” जगभरातले कॅथलिक त्या रात्री आनंदात होते. एका जागी बदललं की सगळीकडे बदलेल अशी सोय चौकटीत नाही. तशी सोय करा असं मी त्यांना सुचवलं होतं. त्यावर, पोप काही रोज बदलत नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. अफगाणिस्तानपासून सुरुवात केली. वळवाचा पाऊस आला आणि इजिप्तला लाइट गेली.

दुसऱ्या दिवशी आणखी एक गोष्ट ध्यानात आली. लिओ चौदावे जन्माने शिकागोचे, पण उमेदीची कितीतरी वर्षं त्यांनी पेरूत काढली, २०१५ साली तिथलं नागरिकत्व घेतलं, तिथल्या चिक्लायोचे ते बिशप होते. तेव्हा पोप म्हणून ते अमेरिकेच्या नोंदीत घ्यायचे की पेरूच्या? मी दोन्हीकडे घेतले. ‘पुनरुक्ती’ असा शेरा मारून एकीकडचे काढण्यात आले. कुठून काढले ते सांगत नाही. उगाच पेरूच्या लोकांची मनं दुखावायला नकोत.

हे सगळं चालेल. पोप मोठा माणूस, त्याची सोय कोणीही करील. माझ्या जिवाला लागतात ती आपली माणसं.

गोन्सालो गार्सिया वसईचा. सोळाव्या शतकाच्या मध्यानंतर पोर्तुगीजांच्या वसईत जन्मला, जेसुइटांबरोबर पोरवयातच जपानला गेला, भाषा शिकला, काही काळ व्यापार केला, मग मनिलात फ्रान्सिस्कनांचा धर्मबंधू झाला आणि त्यांचा दुभाष्या म्हणून पुन्हा जपानला आला. हिदेयोशीसारख्या सत्ताधीशासमोर वसईचा एक माणूस जपानीत बोलत होता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत २६ जणांना क्रुसावर देऊन मारलं, त्यात हा होता. १८६२ साली त्याला संत घोषित केलं. वसईत त्याच्या नावाचं कॉलेज आहे. आमच्या कोशात तो ‘जपान’च्या नोंदीत आहे, आणि तिथे त्याच्या वाट्याला आलेला मजकूर असा : ‘इत्यादी’. सव्वीसांतल्या तिघांची नावं द्यायची, बाकी इत्यादी, असा नियम. मी वसईचं नाव तिघांत घातलं. तपासणाऱ्यांनी विचारलं की जपानच्या नोंदीत वसई कशाला. ‘भारत’च्या नोंदीत घ्या म्हणाले. ‘भारत’वाल्यांनी सांगितलं, घटना जपानमधली आहे.

त्याच जपानमध्ये १६१४ साली पंथावर देशभर बंदी आली. धर्मगुरू हाकलले गेले, मारले गेले. उरलेल्यांनी वरवर बौद्ध राहून घरातल्या घरात प्रार्थना चालू ठेवली. शब्द लॅटिन, पोर्तुगीज, तोंडातोंडी झिजलेले. दोन-अडीचशे वर्षांनी, १८६५ च्या मार्चमध्ये, नागासाकीतल्या ओउरा इथल्या नव्या चर्चमध्ये उराकामी गावच्या काही बायाबापड्या आल्या, फ्रेंच फादर पेतितजाँ यांच्या जवळ गेल्या आणि आमचं मन तुमच्यासारखंच आहे असं हळूच सांगून त्यांनी मेरीची मूर्ती कुठे आहे ते विचारलं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा चहा निवला. शब्दमर्यादा चारशे. अडीचशे वर्षं लपून राहिलेल्या माणसांना वर्षाला दोन शब्दसुद्धा आले नाहीत. तेवढ्यातही ते ठरलेलं पहिलं वाक्य बसवावं लागलं.

फादर थॉमस स्टीफन्सबद्दल मी बोलायला लागलो की घरातले उठून जातात, पण लिहायला कोणाची हरकत नसावी. हा गृहस्थ इंग्लंडचा, विल्टशायरकडचा. ज्या इंग्लंडमध्ये कॅथलिक धर्मगुरू असणं म्हणजे मान कापून घेणं होतं तिथून निसटून रोमला जेसुइट झाला आणि १५७९ साली गोव्यात उतरला. हिंदुस्थानात येऊन राहिलेला पहिला ज्ञात इंग्रज हाच. इथे राहून मराठी अशी आत्मसात केली की येशूची कथा ओवीबद्ध लिहिली, जवळजवळ अकरा हजार ओव्या. ते ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूरला छापलं गेलं. त्याच शतकात आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती लागत नाही. हस्तलिखितांवरून पाठ वाचला. शिवाय त्याने लिहिलेलं कोकणीचं व्याकरण त्याच्या मरणानंतर, १६४० साली छापलं गेलं. आता हा कुठे बसवायचा? ‘इंग्लंड’च्या नोंदीत मी त्याला दोन परिच्छेद दिले. शेरा आला : ओवी हा साहित्य विभागाचा विषय, तिकडे वर्ग करावा. मी वर्ग केला. साहित्य विभागाचे संपादक सज्जन आहेत, ज्ञानेश्वरीवर त्यांचा अधिकार आहे. त्यांनी कळवलं : कर्ता परदेशी, विषय धार्मिक, सबब धर्म विभागाकडे परत. तेव्हापासून स्टीफन्ससाहेब दोन विभागांच्या मध्ये आहेत. इंग्लंडमधून निसटता आलं त्यांना. इथून निसटणं अवघड आहे.

तिसरे गृहस्थ बिशप हेन्री डोरिंग. जर्मन जेसुइट. अहमदनगरकडच्या खेड्यापाड्यांत काम करताना १९०३ साली त्यांनी ‘निरोप्या’ हे मराठी मासिक काढलं. १९०७ साली ते पुण्याचे बिशप झाले. मग पहिलं महायुद्ध लागलं. ब्रिटिशांच्या राज्यात जर्मन माणूस, मग तो बिशप का असेना, शत्रू ठरला. जर्मन जेसुइटांना आधी डांबलं, मग मायदेशी पाठवलं. डोरिंग परत येऊ शकले नाहीत. युद्धानंतर त्यांना पाठवलं कुठे, तर हिरोशिमाला. आणि १९२७ मध्ये ते पुन्हा पुण्याला बिशप म्हणून आले आणि पुढे वीसेक वर्षं राहिले. नगरला मराठी, पुण्याला बिशप, जपानमध्ये बिशप, परत पुणे, सगळं एकाच माणसाने. चौकटीत ‘राष्ट्रीयत्व’ आणि ‘कार्यक्षेत्र’ असे दोन रकाने आहेत आणि दोन्हींत एकेकच नाव मावतं. मी ‘कार्यक्षेत्र : पुणे, हिरोशिमा, पुणे’ लिहिलं. दुसरं पुणे संगणकाने आपोआप काढून टाकलं. म्हणजे आमच्या कोशाप्रमाणे डोरिंग हिरोशिमाला गेले ते गेलेच.

भारताची नोंद शेवटी लिहायची असं मी ठरवलं होतं, चांगलं शेवटी खावं म्हणून. तिच्यात मुंबईचं प्रकरण आलं. पोर्तुगालच्या राजाने पूर्वेकडे चर्च चालवायचा हक्क पोपकडून मिळवलेला, आणि पुढे रोमने आपली माणसं थेट पाठवायला सुरुवात केली. त्यामुळे मुंबईत अनेक पिढ्या दोन अधिकार शेजारी शेजारी नांदत होते. एका चर्चचा फादर गोव्याला जबाबदार, पलीकडच्या चर्चचा रोमला. १९२८ साली तडजोड झाली की मुंबईचे आर्चबिशप आळीपाळीने एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश असतील. हे मी ग्रामपंचायतीसमोरच्या पारावर सांगितलं तर माजी सरपंचांना एका क्षणात कळलं. “सव्वा-सव्वा वर्षाचं ठरलं होतं म्हणा की. मग दुसऱ्याच्या पाळीला पहिल्यानं राजीनामा दिला का?” दिला, पण पहिल्याने नव्हे, दुसऱ्याने. पहिल्या पाळीचे पोर्तुगीज गेले, ब्रिटिश थॉमस रॉबर्ट्स आले, आणि १९५० मध्ये त्यांनी राजीनामा दिल्यावर व्हॅलेरियन ग्रेशियस या भारतीयाला जागा मिळाली. सरपंच बराच वेळ गप्प होते. राजीनामा दिला, एवढंच त्यांना पटत नव्हतं. मी चर्चचा इतिहास समजून घ्यायला पुस्तकं मागवली, याचा मला त्या दिवशी जरा पश्चात्ताप झाला. पार पुरेसा होता.

पेशव्यांनी जागा दिलेलं चर्च याच नोंदीत यायला हवं होतं. सवाई माधवरावांच्या फौजेत गोव्याकडचे ख्रिस्ती शिपाई होते, त्यांच्यासाठी १७९२ साली पुण्यात नाना पेठेच्या अंगाला जागा दिली. क्वार्टर गेटचं सिटी चर्च ते. ज्यांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली त्यांच्याच नातवा-पणतवांनी अर्ध्या शतकानंतर चर्चला जागा दिली. वसईच्या लुटीतल्या चर्चच्या घंटा मराठे घेऊन आले, त्यांतली एक भीमाशंकरला टांगली, एक मेणवलीच्या घाटावर. वाईला विश्वकोश लिहिणारी मंडळी संध्याकाळी मेणवलीकडे फिरायला जात असतील तर त्यांना ती दिसत असणार. घंटांचा उल्लेख मी ‘भारत’मध्ये केला. तो ‘मंदिरे : वास्तू व साहित्य’ या विभागाकडे वर्ग झाला. तिथे म्हणे समईनंतर घंटेचा नंबर आहे.

आता मुळशी. १ सप्टेंबर १८८६ रोजी पोप लिओ तेरावे यांनी भारतातली धर्मप्रांतांची व्यवस्था लावली, तेव्हा पुणे धर्मप्रांत झाला, मुळशी त्यात. तिथवर ठीक. पण भारतातल्या कॅथलिकांमध्ये लॅटिन, सिरो-मलबार आणि सिरो-मलंकार असे तीन विधी आहेत आणि नंतरच्या दोघांनी आपली केरळाबाहेर गेलेली माणसं सांभाळायला स्वतंत्र धर्मप्रांत केले. सिरो-मलबारांचा कल्याणचा १९८८ सालचा. सिरो-मलंकारांचा पुण्यातच, खडकीला. हिंजवडी मुळशी तालुक्यात आहे, आणि हिंजवडीत केरळचे अभियंते आहेत. त्यामुळे एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर राहणारे तीन कॅथलिक तीन वेगवेगळ्या बिशपांच्या हाताखाली असू शकतात, आणि तिघांना पार्किंग एकच. कुठला बिशप लागू हे पत्त्यावर ठरत नाही, आजोबा कुठल्या विधीचे यावर ठरतं. मी मोठ्या हौसेने हे लिहिलं. शेरा : तालुका पातळीवरचा तपशील, ‘मुळशी’ या नोंदीत घ्यावा.

म्हणून मी ‘मुळशी’ ही नोंद उघडली. तिच्यात १९२१ सालचा सत्याग्रह आहे, सेनापती बापट आहेत, टाटांचं धरण आहे, बुडालेली शेतं आहेत. १९२४ ला सत्याग्रह संपतो. मग एक ओळ मोकळी. मग २०१८ साली ‘मुळशी पॅटर्न’ हा चित्रपट येतो. मधल्या चौऱ्याण्णव वर्षांत इथे कोणी भात लावला नाही, कोणाचं लग्न झालं नाही, हिंजवडी वसली नाही. बिशप तर दूरच. मी त्या मोकळ्या ओळीत तिन्ही धर्मप्रांत घातले. दोन दिवसांत ते काढण्यात आले. कारण : विषयाशी असंबद्ध, ‘देशोदेशीचे कॅथलिक’ या मालिकेत घ्यावे.

ही मालिका कोण लिहितं, हे त्यांनी बघितलं नसावं.

गेल्या आठवड्यात समन्वयकांचा संदेश आला. उपक्रमाचा हा टप्पा पूर्ण होत आला, सर्वांचे आभार, पुढच्या टप्प्यात ‘देशोदेशीचे प्रोटेस्टंट’ घ्यायचे आहेत आणि तुमचा अनुभव लक्षात घेता तुम्हीच ते करावेत अशी सर्वांची इच्छा आहे. खाली धीर द्यायला एक ओळ होती : “यात पोप नाहीत, त्यामुळे काम अर्धं होईल.”

मी अजून उत्तर पाठवलेलं नाही. नकार लिहून तयार आहे, चांगला दोन परिच्छेदांचा. पण आज शनिवार आहे. ताम्हिणीकडे गाड्यांची रांग लागली आहे. सोमवारपर्यंत तो जाणार नाही, आणि सोमवारपर्यंत मी होकार दिला असं समजलं जाईल, असं त्या संदेशातच म्हटलं आहे.